डोरोथीबाईंची शंभरी

बॅनर भिंतीवर एकदाचा सरळ लागला आणि प्राचीचा जीव भांड्यात पडला. ‘डोरोथी वेनराइट यांना शंभरीच्या हार्दिक शुभेच्छा!’ उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून तिनेच तो छापून आणला होता. दुकानदाराने विचारलंही होतं, "मॅडम, ये आपके रिश्ते में हैं क्या?"

नात्यातल्याच म्हणायच्या. प्राचीचे सासरे विष्णुपंत लग्न करून अंबरनाथला कारखान्यात लागले, तेव्हापासून दर नोव्हेंबरात हॉलिवूडच्या या नटीचा वाढदिवस घरात साजरा होत आला होता. श्रीखंड यायचं, शेवंतीचा गजरा यायचा. बाई काही अमेरिकेहून येणार नाहीत, म्हणून गजरा सासूबाईंनी, उमाताईंनी माळायचा. निवृत्तीनंतर बदलापूरजवळ सोनिवलीत फ्लॅट घेतला, तरी हे वेड सुटलं नाही. बाईही मोठ्या चिवट. बरोबरीचे नट केव्हाच गेले, ह्या अजून ठणठणीत.

प्राचीला याची गंमत वाटे, पण सासूबाईंसाठी मन खट्टूही होई. उमाताईंचा वाढदिवस एक जूनला, आणि त्या दिवशी विष्णुपंत खुशाल पेपर वाचत बसत. परक्या बाईचे एवढे लाड, घरच्या लक्ष्मीला साधा पेढा नाही.

पाहुणे यायला थोडाच वेळ होता. बाईंविषयी चार शब्द बोलावेत म्हणून प्राचीने मोबाइल उघडला आणि तिथली तारीख ती पुन्हा पुन्हा वाचू लागली. बाईंचा जन्म फेब्रुवारीतला. शंभरी केव्हाच उलटून गेली होती.

म्हणजे इतकी वर्षं चुकीचा दिवस! खालच्या मजल्यावरचे अवधूतराव सदा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. त्यांनी चारचौघांत ही चूक काढली, तर विष्णुपंतांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. ते मात्र नवा सदरा घालून, शीळ घालत खुर्च्या मांडत होते. त्यांच्याकडे बघून प्राचीला फार वाईट वाटलं.

ती स्वयंपाकघरात गेली. उमाताई वाट्यांत श्रीखंड वाढत होत्या. दार लोटून तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं आणि बॅनर काढून टाकू का, असं विचारलं.

"राहू दे गं," उमाताई म्हणाल्या. "बाईंचा फेब्रुवारीतच असतो. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग आजवर बोलला नाहीत?"

उमाताईंनी केसांतला गजरा चाचपून पाहिला.

"माझ्या सासूबाईंपुढे बायकोचं कौतुक करायची ह्यांची छाती नव्हती. एक जून शाळेतल्या मास्तरांनी ठोकून दिलेला. मी जन्मले ती आजच्या दिवशी."