अस्वलाचा ढोल

भैंसा गावच्या बाजारातून आणलेल्या दोऱ्याच्या रंगीत लडी मांडीवर घेऊन मनकर्णा सकाळपासून बाळाच्या दुपट्याशी झुंजत होती. दुपट्यावर अस्वल ढोल बडवत होतं, माकड झांजा वाजवत होतं आणि ससा पुंगी फुंकत होता. ढोलाला तिनं आधी निळा साखळी टाका घातला. तो उसवून लाल दोऱ्याच्या जाड गाठी भरल्या, तरी ढोल तिला मुकाच वाटला. पुंगीचा पिवळा धावदोरा तर तिनं रडत रडत उसवला. सुई टोचून टोचून बोटांतून रक्त आलं, पण ती थांबेना.

शेवटी तिची सासू रुक्माबाई वैतागली. "कोन्ता बी रंग घाल न माय. कापडावरचा बाजा काई वाजनार हाय का? काऊन जीव काढून राह्यली?"

मनकर्णानं झोळीतल्या लेकाकडं पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आता तिच्या तोंडून निघालं.



"वाजलाच पायजे, आत्याबाई. डॉक्टर म्हनले, याले जलमभर कानानं काईच ऐकू येनार नाई."