उशिरा उघडणारं पान

"माझ्या कामाला हात कुणी लावला?" ब्रॉनविनने भर ऑफिसात विचारलं.

नेव्हिल पास्कोने मानही वर केली नाही. "मी. होतं तसं परत केलं."

मेलबर्नमधली ती कंपनी घोड्यांच्या शर्यतींवर ऑनलाइन पैजा घ्यायची. पैज लावायचं पान मोबाइलवर उघडायला फार वेळ लागे, आणि तेवढंच सुधारायला ब्रॉनविनला तात्पुरतं घेतलं होतं. दुखणं तिला पहिल्याच दिवशी सापडलं. घोड्यांच्या कामगिरीचे आलेख काढायला एक बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, वापरली होती. नेव्हिलने ती पानाच्या अगदी डोक्यावर बसवली होती. ती अख्खी उतरेपर्यंत बाकीचं सगळं अडून राहायचं. आलेख तर फारसं कुणी बघतही नसे.

तिने लायब्ररी तिथून काढली. आधी पैजेचं बटण येईल, आणि कुणी आलेख मागितलाच तर त्यापुरताच तुकडा उतरेल, अशी सोय केली. सकाळी येऊन बघते तर सगळं पूर्ववत.

"कारण सांगशील?"

"पान मोडलं असतं."

"काय मोडलं असतं? मी सगळं तपासूनच चढवलं होतं."

"मग आणखी तपास. तुला तासावर पैसे मिळतात ना? तुझं काय जातंय?"

बाजूच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. ब्रॉनविनचे कान तापले.

तिने पुन्हा बदल केला, त्याने पुन्हा उलटवला. शिवाय कोडमध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं: 'पाहुण्यांनी स्वयंपाकघरात शिरू नये.' तिने त्याखाली लिहिलं, 'स्वयंपाक्याला झोप लागली की शिरावं लागतं.' त्यानंतर दोघांनी एकमेकांकडे बघणंही सोडलं.

नोव्हेंबरातली मोठी शर्यत तोंडावर आली, तशी ब्रॉनविन मॅनेजर ट्रेंटकडे गेली. तिने सगळ्यांना बोलावून घ्यायला लावलं आणि टेबलावर दोन फोन ठेवले. एकात तिचं पान, दुसऱ्यात नेव्हिलचं. दोन्ही एकदमच दाबले. तिचं लगेच उघडलं. नेव्हिलच्या पानावर नुसतं चक्र फिरत राहिलं. बघणारे आधी खाकरले, मग हसायला लागले.

"हा नुसता आळस नाही," ब्रॉनविन म्हणाली. "हे कुठल्याही शिकाऊ पोराला कळतं. याने मुद्दाम अडवून धरलंय."

ट्रेंट नेव्हिलकडे वळला. "काही बोलायचंय?"

"लोकांना एवढी घाई कसली असते?"

"अरे, धंदाच घाईचा आहे आपला!"

"तेच म्हणतोय मी."

"बस झालं तुझं कोडं घालणं," ट्रेंट म्हणाला. "टेबल आवर. आजच."

नेव्हिल लिफ्टपाशी उभा होता. काखेत जाकीट, हातात चहाचा मग. ब्रॉनविनला राहवलं नाही. "एवढं साधं काम जमू नये तुला?"

"पाच वर्षं जमवलं," तो म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला.

म्हातारा शेवटपर्यंत तोऱ्यातच, असं म्हणत तिने नवऱ्याला फोन लावला. कॅलम घरांची छपरं घालायचा. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता.

"हाकललं त्याला!" ती म्हणाली. "जिंकले मी."

"मग आता ते पान लगेच उघडणार?"

"पापणी लवायच्या आत."

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं," कॅलम म्हणाला. "छान झालं."

शर्यतीच्या दिवशी अख्ख्या शहराला सुट्टी होती, पण ब्रॉनविन ऑफिसात पडद्यासमोर बसून होती. पान एकदाही अडखळलं नाही. इतक्या पैजा कंपनीने कधी पाहिल्या नव्हत्या. ट्रेंटने बाटली उघडली, तिच्या नावाने पेले उंचावले, आणि कायमची नोकरी देऊ केली. नेव्हिलच्याच जागेवर.

उजेड होता तोवरच ती घरी निघाली. वाटेत कॅलमच्या आवडीचे मासे आणि बटाट्याचे तळलेले काप घेतले. बातमी तोंडावर सांगायची म्हणून फोन केला नाही.

पुढचं दार उघडंच होतं. कॅलम मागच्या अंगणात पायरीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून, भावाशी फोनवर बोलत. त्याला दचकवावं म्हणून ती पाऊल न वाजवता जाळीच्या दारापर्यंत गेली.

"सगळं गेलं रे, घर घ्यायला ठेवलेलं," तो रडत होता. "ब्रॉनविनला कळू देऊ नकोस. इतकी वर्षं ते चक्र फिरत बसायचं ना, तेवढ्यात माझं डोकं ठिकाणावर यायचं आणि मी फोन खिशात टाकायचो."