छपरं शून्य

"इथं तर जंगल आहे, मावशी," नकाशे करणाऱ्या मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "वस्ती नाहीच."

"मग मी काय झाडावरून उतरून आले?"

मावशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. पहाटेपासून चालून तिचे पाय सुजले होते.

मुलीने चित्र मोठं केलं. नदी दिसली, पूल दिसला, पुलापलीकडे नुसतं हिरवंगार. उपग्रहाच्या चित्रात छपरं मोजायची, छपरांवरून माणसं, माणसांवरून विकास, आणि मग नर्स कुठे नेमायची ते ठरवायचं, असा हा सगळा सरळ मामला. छपरं शून्य, म्हणून नर्सही शून्य. त्या तुकड्यावर 'निर्मनुष्य' असा शेरा हिनेच मारला होता, चहा पिता पिता.

"हे बघ, पुलानंतरचं वळण," मावशी पडद्याला नाक लावून म्हणाली. "इथं आमचं घर. ही सगळी झाडं सासऱ्यांनी लावलेली. भर दुपारी ये, पंखा लागत नाही. एक्केचाळीस घरं आहेत या झाडांखाली."

मुलगी ओशाळली. तिने रकान्यात एक्केचाळीस टाकलं. रकाना लाल झाला: चित्राशी जुळत नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, माणसांच्या सांगण्यावर जायचं नाही म्हणूनच तर एवढं यंत्र आणलं.

"सुनेला सातवा लागलाय," मावशीचा आवाज खाली आला. "मागच्या खेपेला दवाखान्याच्या वाटेवरच बाळ गेलं. तिला आता धीर नाही राहिला. खरं सांगू, मलाही नाही."

मुलीला आपल्या त्या एका शेऱ्याची लाज वाटली, पण लाजेने रकाना भरत नव्हता.

"नवीन चित्र आलं की यादी बदलते," ती कशीबशी म्हणाली. "छपरं दिसली, तर नर्स मिळेल."

"कधी काढतात?"

"पुढच्या महिन्यात. पंधरा तारखेला."

मावशीने बोटांवर दिवस मोजले. पदराने तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली.

"सगळी तोडावी लागतील," तिने विचारलं, "की घरावरचीच पुरे?"