दालन क्रमांक दोन

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्राध्यापिका मंदाकिनी डहाणूकरांनी व्यासपीठावरून श्रोते मोजले. सात. आर्थिक स्पर्धेच्या बदलत्या कल्पनांवरच्या या परिषदेचा नियम साधा होता: दहा श्रोते नसले तर निबंध संग्रहात छापायचा नाही. मक्तेदारीच्या दुष्परिणामांवर बाईंनी तीन वर्षं घालवली होती. समोरच्या दालनात मात्र त्यांचे जुने वर्गमित्र उकिडवे 'स्पर्धेकडून सहकार्याकडे' या विषयावर तुडुंब गर्दीपुढे बोलत होते, कारण तिथे एसी होता.

बाई खाली उतरल्या. "शेवंताबाई, चहाचे थर्मास इकडे आणा. सगळे."

"आणि समोरच्यांना?" कँटीनच्या शेवंताबाईंनी विचारलं.

"त्यांना सहकार्य शिकवताहेत ना? मग करू देत की!"

पाच मिनिटांत दालन भरलं. मक्तेदारीत ग्राहक कसा नाडला जातो, हे बाईंनी सांगायला घेतलं, तोच उकिडवे दारात हजर.

"मंदा, लाज नाही वाटत?"

"चहा घे, भालू."

उकिडव्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "प्रमाणपत्रं संध्याकाळी नाही, आत्ताच मिळताहेत. माझ्या दालनात!"

लोक कपांसकट उठले.

परिषदेचे सचिव मोजायला आले तेव्हा खुर्च्यांवर नऊ जण उरले होते आणि उंबऱ्यावर उकिडवे.

"सर, तुम्हाला आत धरू की बाहेर?"

"चहा संपू दे, मग सांगतो."

अकरा चाळीसला त्यांनी दुसरा कप मागितला.