कोणी वापरतंय का?

जुना प्रोग्रॅम पुसायच्या आधी काकांनी रीतसर खात्री केली. सर्व्हरसमोर बसून कमांड दिली, हा कोणी चालवतंय का? पडद्यावर उत्तर आलं, कोणी नाही. काकांनी प्रोग्रॅम पुसला आणि निवृत्तीआधीच्या कामांच्या यादीत टिक केली. सगळी संस्था त्यांना काका म्हणायची. पसारा मागे ठेवून खुर्ची सोडणाऱ्यातले ते नव्हेत.

संस्थेत चाळीस मशिनं. सॉफ्टवेअर मात्र एकाच जागी, काकांच्या सर्व्हरवरच्या कॉमन फोल्डरमध्ये. बाकी सगळ्यांनी तिथूनच चालवायचं. वीस वर्षांपूर्वी काकांनीच बसवलेली घडी. एकदा टाकलं की सगळ्यांना मिळतं, एकदा पुसलं की सगळ्यांचंच जातं, चालू असलेलंसुद्धा.

पाचच मिनिटांत दार ढकलून पलीकडच्या खोलीतली पीएचडीवाली आली. चेहरा पांढराफटक.

"काका, माझ्या मशीनवरचं गणित बंद पडलं. एकोणीस दिवस चालू होतं हो! आज संध्याकाळी संपणार होतं."

"मधलं काही साठवलंयस का?"

"तो जुना प्रोग्रॅम साठवतो कुठे? शेवटी एकदम उत्तर देतो. शुक्रवारी प्रबंध द्यायचाय काका. दोनदा मुदत वाढवून घेतलीय, आता दारात उभं करणार नाहीत मला."

काकांनी विचारलं होतं ते सर्व्हरला. आणि सर्व्हरला स्वतःवर काय चाललंय तेवढंच ठाऊक. बाकीच्या मशिनांवर कोण काय चालवतंय, हे त्याच्या गावीही नसतं. दरवर्षी नवशिक्यांना हेच तर काका घसा कोरडा करून सांगायचे. आणि आज स्वतःच माती खाल्ली!

त्यांच्या जागी येणारा नवा माणूस शेजारीच बसला होता. तो काकांच्या कानाशी पुटपुटला, "सर्व्हर मधेच बंद पडला म्हणा. निघायच्या तोंडावर कशाला अंगावर घेता?"

बॅकअपमधून प्रोग्रॅम दहा मिनिटांत परत आला असता. एकोणीस दिवस कुठून आणायचे?

"मी पुसला," काका म्हणाले. "आधी विचारलं होतं गं. पण माझ्याच मशीनला विचारलं."

दोन खोल्यांमधल्या भिंतीवर तिने बोटाने टकटक केलं.

"मी इथंच होते ना, काका."