दोन मिनिटं

मोसमातली ही शेवटची मोटार रॅली. मनोहररावांची नवी जीप आणि जागेश्वरची जुनी फियाट गुणांत बरोबरीत होत्या. उशीर झाला तरी गुण कापायचे आणि ठरल्या वेळेआधी पोचलं तरी कापायचे, असा नियम. काटोलच्या अलीकडे जीप धुरळा उडवत पुढे गेली.

"आवो, पळवा ना गाडी!" फियाटमध्ये घड्याळ धरून बसलेली जागेश्वरची बायको, गोपिका, कळवळली.

"जाऊ दे वं त्याहीले."

जीप दोन मिनिटं लवकर पोचली आणि हरली.

जागेश्वरच्या गळ्यात हार घालताना मनोहररावांनी विचारलं, "नियम मलेही माहीत होता, पण पाय काही आवरला नाही. तुले कसं जमलं गा?"

"वीस वर्षं एसटी चालवली, साहेब. गाडी दोन मिनिटं लवकर काढली, तं वावरातल्या पांधणीच्या वाटेनं धावत येणारी बाई मागंच राहते ना."