बेटावरच्या बाईंचे अर्ज

ठिणगीने बदलीचा हुकूम हेडक्लार्कच्या टेबलावर आपटला, तसा त्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

“मीच का? मी कधी काही मागितलं होतं तुमच्याकडे?”

“नाही ना मागितलं,” हेडक्लार्क बशी पुसत म्हणाला. “मग नाव निघणारच, सिस्टर.”

सरकारी दवाखान्यातल्या नर्सेसनी तिचं नाव ठिणगी पाडलं होतं, ते उगीच नाही. वॉर्डात तीन दिवस पाणी नव्हतं आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नवा एसी बसत होता, तेव्हा तिने साहेबांना चारचौघांत सुनावलं होतं. त्याचं बक्षीस हे. पंधरा दिवसांत बेटावर रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या.

बेटाचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणत. तिथे म्हणे परक्या माणसाला टिकू देत नाहीत. पोलीससुद्धा सकाळी जाऊन दुपारच्या आत परततात. याआधी तीन नर्सेसना हाच हुकूम निघाला होता. तिघींनी फाइल वाचली आणि राजीनामे देऊन घरी बसल्या.

“फाइल दाखवा,” ठिणगी म्हणाली.

फाइल म्हणजे अर्जांची चळत. बेटावरच्या दवाखान्यात अकरा वर्षं एकच बाई होती. दर महिन्याच्या एक तारखेला तिचा अर्ज यायचा, एकही महिना चुकलेला नव्हता. अक्षर मोत्यासारखं, मजकूर अंगावर काटा आणणारा. दाराची कडी तोडली. खिडकीवर दगड मारले. इंजेक्शन दुखलं म्हणून एकाने कोयता उगारला. शेवटी ठरलेलं वाक्य: कृपया माझी येथून तातडीने बदली करावी. आणि त्याखाली साहेबांचा लाल शेरा: नामंजूर.

“एकही मंजूर नाही?”

“साहेबांना ‘मंजूर’ लिहायचं म्हटलं की हात दुखतो,” हेडक्लार्क हळूच म्हणाला.

“आणि रजा?”

“रजेचा अर्जच नाही तिचा. अकरा वर्षांत एक नाही.”

मागायचीही हिंमत उरली नसेल बिचारीला. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या.

“राजीनामा फेक त्यांच्या तोंडावर. कोपऱ्यावरचे डॉक्टर कधीचे बोलावताहेत तुला. पगारही बरा देतील.”

“आई बरोबर बोलतेय,” नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावूनच तो बोलत होता. “कोपऱ्यावरची नोकरी सोडून कुठे मरायला जायचं?”

“आणि त्या बाईचं काय?”

“कुठली बाई?”

“अकरा वर्षं ओरडतेय ती! मी राजीनामा दिला की तिचं बारावं वर्ष सुरू. त्या तिघींनीही हेच केलं. फाइल वाचली, घाबरल्या आणि तिला तिथेच टाकून घरी बसल्या. लाज कशी वाटली नाही एकीलाही?”

“अगं, पण तुला काही झालं तर?”

“माझ्या अंगावर कोयता घेऊन येऊ दे कुणी, मग बघते. तुम्ही या मागून. घड्याळं तिथेही दुरुस्त करता येतील.”

“तिथे घड्याळ कोण बांधतंय?” नवरा पुटपुटला.

दोन दिवस सासूबाई भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी ठिणगीने लिहून दिलं: रुजू होते. त्या बाईंच्या सुटकेचा हुकूम तिने हेडक्लार्ककडून समोर बसून टाइप करून घेतला, एका जागेवर दोघी ठेवता येत नाहीत म्हणून साहेबांना सही करावीच लागली, आणि तिने तो पर्समध्ये ठेवला. पोस्टावर तिचा विश्वास नव्हता.

“आता हा फिरणार नाही ना?”

“सही झाली, सिस्टर. आता कुणी कितीही रडलं तरी फिरत नाही.”

लाँचवाल्याने तिला एकच प्रश्न विचारला. “नवीन नर्स?” ती हो म्हणाली. तो पाण्यात थुंकला.

धक्क्यावर तीसेक माणसं उभी होती. कुणी बॅगेला हात लावला नाही, कुणी रस्ता सांगितला नाही. ती चालू लागली तशी सगळी माणसंही मागोमाग निघाली. दवाखान्याच्या दारात एक आडदांड माणूस हातात पहार घेऊन उभा होता.

“आल्या लाँचने परत जा,” तो म्हणाला.

ठिणगीचा राग भीतीपेक्षा मोठा होता. “बाजूला हो! अकरा वर्षं छळलंत ना तिला? आता संपलं.” त्याला खांद्याने ढकलून ती आत शिरली. दाराला ताजा निळा रंग होता. तोडफोड झाकायला दिला असणार.

आत पिकल्या केसांची बाई एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. ठिणगीने कागद तिच्या हातात ठेवला.

“बाई, सामान आवरा. तुम्ही सुटलात. आता इथे मी.”

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ठिणगीलाही भरून आलं. एवढ्या भांडणाचं चीज झालं होतं.

“रडा बाई, मोकळ्या व्हा. उशिरा का होईना, तुमचं म्हणणं कुणीतरी ऐकलं.”

बाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत नुसता अंगार होता.

“कुणी सांगितलं होतं तुला ऐकायला?” त्या किंचाळल्या. “त्या ऑफिसात मागितलेलं कधीच मिळत नाही, म्हणून तर दर महिन्याला बदली मागत होते!”